सार्जंट आणि पांढऱ्याची भानगड

जलरंगात पांढरा वापरायचा नाही, कागदाचा पांढरा राखायचा, हे आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून डोक्यात इतकं घट्ट बसवलेलं असतं की पुढे कितीही वर्षं रंगवत राहिलात तरी पॅलेटवर पांढऱ्याची ट्यूब पिळताना हात आखडतोच. पोस्टर कलरचा पांढरा मेमरी ड्रॉइंगला चालतो, डिझाइनला चालतो, पण लँडस्केपमध्ये त्याचा एक ठिपका जरी टेकवला तरी शेजारी बसलेला कुणीतरी हळूच म्हणणार, ‘काय हे, व्हाइट लावलंस?’ आउटडोअरला जाणाऱ्या मंडळींत यावरून अगदी दोन तट आहेत, ट्रान्स्परंटवाले आणि बाकीचे, आणि ट्रान्स्परंटवाल्यांचा तोरा काही औरच. मी स्वतः कुठल्याच तटात नाही. पण साक्षीदार काढायची वेळ आलीच तर मी जॉन सिंगर सार्जंटला उभं करेन, कारण पांढऱ्या गोष्टी रंगवायचं एवढं वेड दुसऱ्या कुठल्या जलरंगवाल्याला असेल असं मला वाटत नाही. चुना लावलेल्या भिंती, वाळत घातलेल्या चादरी, संगमरवराच्या खाणी, तंबू, जहाजं, बायकांचे पांढरे स्कर्ट. आणि यातलं कुठलंही नीट बघायला गेलं तर त्यात पांढरं असं फारच थोडं सापडतं.

सार्जंट अमेरिकन, पण जन्मला फ्लॉरेन्समध्ये, १२ जानेवारी १८५६ ला, आणि अमेरिका पहिल्यांदा बघितली ती थेट विसाव्या वर्षी. वडील फिलाडेल्फियात डोळ्यांचे डॉक्टर होते. पहिलं मूल गेलं, आई खचली, हवापालट म्हणून नवरा-बायको युरोपात आले आणि तिथलेच होऊन गेले. उन्हाळ्यात एक गाव, हिवाळ्यात दुसरं, भाड्याची घरं, सामान कायम अर्धं बांधलेलं. त्यामुळे पोराची शाळा अशी धड झालीच नाही, पण चार भाषा आल्या, पियानो उत्तम आला आणि डोळा तयार झाला. आई हौशी जलरंगवाली. तिचा नियम असा होता म्हणे की दिवसभरात कितीही स्केचेस सुरू कर, पण त्यातलं एक तरी पुरं झालंच पाहिजे. मला ही बाई फार आवडते. सार्जंटवर लिहिताना सगळे पॅरिसच्या गुरूचं नाव आधी घेतात, ते चूक नाही, पण प्रवासात जिथे बसू तिथे पॅड उघडून रंगवायला लागायचं ही सवय आईची, आणि माझ्या मते त्याच्या कामातला सगळ्यात जिवंत भाग या सवयीतून आलाय.

पॅरिसचा गुरू म्हणजे कारोलुस-द्युराँ. १८७४ मध्ये अठरा वर्षांचा सार्जंट त्याच्याकडे दाखल झाला. आधी पेन्सिलीनं सगळं घोटून घ्यायचं आणि मग त्यात रंग भरत बसायचं ही तेव्हाची सरळमार्गी पद्धत द्युराँला मान्य नव्हती. थेट ब्रशनं सुरू करा, आधी मधला टोन, म्हणजे उजेड-अंधारातली मधली पायरी, पकडा, मग त्याच्यावर उजेड आणि त्याच्याखाली अंधार, आणि जुना स्पॅनिश उस्ताद वेलास्केथ बघा, पुन्हा वेलास्केथच बघा, असा खाक्या. हे टोनचं शिक्षण सार्जंटच्या हाडात मुरलं आणि आयुष्यभर राहिलं. गंमत बघा, इंप्रेशनिस्ट मंडळींनी, म्हणजे क्लोद मोने, पिसारो वगैरे बदलता उजेड रंगवणाऱ्यांनी, आपलं पहिलं वेगळं प्रदर्शन मांडलं तेही त्याच वर्षी, त्याच शहरात. म्हणजे एकीकडे द्युराँचा टोन आणि दुसरीकडे मोने-पिसारोचा उजेड, हे दोन्ही एकाच वेळी हवेत होतं आणि हा पोरगा मधोमध उभा होता.

मोनेशी त्याची पुढे चांगली दोस्ती झाली. १८८५ च्या आसपास त्यानं झाडीच्या कडेला बसून चित्र काढणाऱ्या मोनेचंच एक चित्र केलं, ते आता लंडनच्या टेटमध्ये आहे. मोनेची चित्रं पदरच्या पैशानं विकत घेतली. एदुआर माने हा चित्रकार वारल्यावर त्याचं ‘ऑलिम्पिया’ फ्रान्समध्येच राहावं म्हणून मोनेनं वर्गणी गोळा केली त्यातही सार्जंटनं पैसे घातले. पण माझा आवडता किस्सा वेगळाच आहे आणि तो खुद्द मोनेनं म्हातारपणी सांगितलेला. जिव्हर्नीला दोघं एकत्र रंगवायला निघाले, मोनेनं आपले रंग सार्जंटला दिले, सार्जंटनं काळा मागितला, मोने म्हणाला माझ्याकडे काळा नाहीच. सार्जंट हबकला. काळ्याशिवाय मी रंगवणार कसा, आणि तू तरी कसा रंगवतोस?

यावर लोक हसतात आणि पुढे जातात, पण मला वाटतं सार्जंटचं पुढचं सगळं जलरंगाचं काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. सावली म्हणजे मूळ रंगात काळा मिसळला की झालं, असं टोनवाला माणूस धरून चालतो. मोनेची मंडळी म्हणत होती की सावली म्हणजे कमी उजेड नव्हे, तो वेगळा उजेड असतो. उन्हाची ऊब तिथे पोचत नाही, पण निळं आकाश पोचतं, शेजारच्या गवताचा हिरवा पोचतो, जमिनीवरून उडालेला पिवळा पोचतो. आणि हे सगळं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते पांढऱ्या वस्तूवर, कारण तिला स्वतःचं मत नसतं, येईल तो रंग ती घेते. पटत नसेल तर उद्या सकाळी अकराच्या सुमाराला गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीची सावलीकडची बाजू बघा. आधी राखाडी वाटेल. मग टक लावून बघत राहा, निळसर जांभळा वर यायला लागतो आणि खालच्या कडेला लाद्यांचा तांबूस.

मोनेनं मात्र त्याला कधी आपल्यातला मानलं नाही. आमच्या अर्थानं तो इंप्रेशनिस्ट नव्हताच, द्युराँचा पगडा फार होता, अशा अर्थाचं त्याचं मत नोंदवलेलं आहे. आणि मोनेचं खरंच आहे ते. सार्जंटनं आकार कधी विरघळू दिला नाही. मोनेचं चर्च शेवटी धुक्यात आणि उन्हात हरवून जातं, सार्जंटचं चर्च कितीही फडाफड रंगवलेलं असलं तरी उद्या त्याचा नकाशा काढता येईल. त्यानं मोनेकडून सावलीचा रंग घेतला, बाकी ठिपके-बिपके मोनेला ठेवले. पॉइंट एवढाच की जे घेतलं ते पुरतं पचवलं.

ऑइलमध्ये त्यानं हे शिकल्याचं पहिलं मोठं दिसतं ते ‘कार्नेशन, लिली, लिली, रोज’मध्ये. इंग्लंडात ब्रॉडवे नावाचं खेडं आहे, तिथल्या बागेत संध्याकाळी दोन लहान मुली कागदी चिनी कंदील लावतायत, आजूबाजूला लिलीची उंच झाडं. १८८५ आणि ८६ असे दोन हंगाम त्यात गेले, कारण त्याला पाहिजे तो उजेड संध्याकाळी मोजून काही मिनिटंच टिकायचा. ईझल आधीच लावून ठेवायचं, मुलींना उभं करायचं, उजेड जांभळा झाला की तुटून पडायचं आणि गेला की आवरायचं. सीझन संपला, फुलं गळाली, तर खोटी फुलं आणून झाडांना बांधली. मुलींचे फ्रॉक पांढरे आहेत, पण चित्रात शोधा बरं पांढरा. एका बाजूनं कंदिलाचा पिवळा गुलाबी, दुसऱ्या बाजूनं संध्याकाळचा निळसर. १८८७ मध्ये प्रदर्शनात लागलं आणि तेव्हाच इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेतलं गेलं.

मादाम एक्सची भानगड सगळ्यांना माहीत असते म्हणून उरकून टाकते. १८८४ चं पॅरिस सलोन, मादाम गोत्रोचं काळ्या गाऊनमधलं उभं पोर्ट्रेट, खांद्यावरून घसरलेला पट्टा, गदारोळ, बदनामी, पोरीची आई रडत-ओरडत स्टुडिओत. नंतर त्यानं पट्टा परत खांद्यावर रंगवला, पण पॅरिसमधलं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, १८८६ मध्ये गडी लंडनला कायमचा. टाइट स्ट्रीटवर स्टुडिओ. आणि पुढची वीस वर्षं इंग्लंड-अमेरिकेतल्या पैसेवाल्यांची रांग. मोठ्या पोर्ट्रेटचा भाव हजार गिनीपर्यंत गेला. १९०७ च्या सुमाराला त्यानं जाहीर करून टाकलं, पोर्ट्रेट बंद. अगदीच कुणी गळ्यात पडलं तर कोळशानं चेहरा काढून द्यायचा, तो तास-दोन तासात उरकायचा. त्याच साली ब्रिटिश सरकार ‘सर’ करायला निघालं होतं तर मी अमेरिकन नागरिक आहे म्हणून तेही नको म्हणाला. कमावत्या वयात, रांग दारात उभी असताना दुकान बंद करणं सोपं नाही हो. आपल्याकडे लोक पेन्शनीत आल्यावर पण कन्सल्टन्सी सोडत नाहीत.

तर आता मुद्द्यावर, जलरंग. त्याची जलरंगातली चित्रं दोन हजारांच्या वर आहेत. यातली बरीचशी १९०० नंतरच्या सुट्ट्यांतली. ऑगस्ट लागला की लंडन सोडायचं, आधी आल्प्समध्ये उंचावर, मग खाली इटलीत, व्हेनिस, रोम, कधी स्पेन, कधी मायोर्का, कॉर्फू. बरोबर बहीण एमिली (तीही जलरंग करायची, आणि बरे करायची), धाकटी बहीण व्हायोलेट, तिच्या मुली, दोन-चार चित्रकार मित्र, आणि निकोला हा इटालियन नोकर, जो सामान वाहायचा, छत्री धरायचा आणि वेळ पडली तर मॉडेल म्हणून पण पडून राहायचा. या चित्रांना कुणी गिऱ्हाईक नाही, कुणाची ऑर्डर नाही, ‘माझं नाक एवढं मोठं नाहीये’ म्हणणारी कुणी डचेस नाही. तो ती विकायचाही नाही, मित्रांना, लग्नात, वाढदिवसाला वाटायचा.

व्हेनिसमध्ये तो गोंडोलात बसून रंगवायचा. त्याच्या व्हेनिसच्या चित्रांत नजर पाण्याच्या अगदी लगत असते याचं कारण हेच, तो खरंच तिथे बसलेला असतो, होडी हलत असते, समोर दुसऱ्या होडीच्या डोलकाठीचा दोर आडवा येतो आणि तो दोर पण चित्रात येतो. टुरिस्ट लोक जो घुमट बघायला येतात तो घुमट बऱ्याचदा वरून कापलेला. ‘सांता मारिया देल्ला सालूते’ नावाचं १९०४ चं चित्र ब्रुकलिन म्युझियमकडे आहे, त्यात चर्चच्या पायऱ्या, खांब, कोरीव काम, सगळं पेन्सिलीनं आधी नीट बांधलेलं दिसतं आणि मग त्यावर रंग असा टाकलाय की जणू ड्रॉइंगशी त्याचं काही देणंघेणंच नाही. हे ‘बिनधास्त’ दिसणारं काम किती हिशोबी आहे ते पेन्सिलीच्या रेघा बघितल्यावर कळतं. आणि हो, रेघा खोडलेल्या नाहीत. आम्ही इथे पेन्सिल दिसते म्हणून खोडरबर घासून कागदाचा पार पापुद्रा काढतो.

मला सगळ्यात जास्त वेळ अडकवून ठेवणारं चित्र म्हणजे ‘कॉर्फू: लाइट्स अँड शॅडोज’, १९०९ चं, बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. विषय काय, तर एका छोट्या पांढऱ्या घराची भिंत आणि तिच्यावर पडलेली झाडाची सावली. संपलं. माणूस नाही, देऊळ नाही, समुद्राची फार मिजास नाही. मी हे स्क्रीनवर जेवढं मोठं करता येतं तेवढं करून बघत बसते (घरचे म्हणतात आता भिंत बघतेस का दिवसभर). उन्हातली भिंत म्हणजे जवळजवळ कोरा कागद. सावलीत मात्र निळा आहे, जांभळा आहे, आणि ते पॅलेटवर एकत्र करून लावलेले नाहीत, कागदावर ओले असताना एकमेकांत सोडलेत, त्यामुळे कुठे निळा जिंकलाय कुठे जांभळा. आणि मग खाली, जमिनीच्या जवळ, सावली एकदम उबदार होते, पिवळसर गेरूसारखी, कारण समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून उजेड उडून भिंतीवर येतोय. हा पिवळा जर काढून टाकला तर ती भिंत उन्हातली राहणारच नाही, फक्त निळे डाग पडलेली भिंत होईल. पानांच्या सावलीच्या कडा काही ठिकाणी टोकदार, काही ठिकाणी पाण्यानं मऊ केलेल्या, म्हणजे जवळचं पान आणि लांबचं पान यांच्या सावल्यांतला फरक सुद्धा त्यानं सोडलेला नाही. आणि एवढं सगळं असूनही टोन बघा, डोळे बारीक करून बघा, संपूर्ण सावली एकाच पट्टीत बसते. कुठेही भोक पडत नाही. रंग मोनेचा, टोन द्युराँचा, असं मी म्हणते ते यासाठी.

आता पांढऱ्याचं. सार्जंट ट्रान्स्परंटवाला नव्हता. त्याला पाहिजे तिथे तो कागद राखायचा, पाहिजे तिथे मेण घासायचा म्हणजे वरून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, गेला तरी तेवढ्या जागी रंग धरत नाही, पाहिजे तिथे खरवडायचा, आणि या सगळ्यावर पाहिजे तिथे सरळ दाट पांढरा लावून मोकळा व्हायचा. चायनीज व्हाइट म्हणजे जस्ताचा पांढरा विन्सर अँड न्यूटननं १८३४ मध्येच बाजारात आणला होता, तेव्हा हे काही चोरून करायचं राहिलं नव्हतं, तरी इंग्लंडातही शुद्ध वॉशवाल्यांची नाकं मुरडायची सवय होतीच. ब्रुकलिन आणि बॉस्टनच्या म्युझियमांनी २०१३ मध्ये आपापले सार्जंट एकत्र करून मोठं प्रदर्शन केलं, त्याच्या निमित्तानं तिथल्या कन्झर्वेटर म्हणजे जतन करणाऱ्या लोकांनी कागद बारकाईनं तपासले, तर त्याच्या चित्रांत हे चारही प्रकार. नियम एकच, कुठल्या पांढऱ्यानं काम होतंय.

यात एक बारकावा आहे जो मला फार उशिरा दिसला. कागदाचा पांढरा आणि ट्यूबचा पांढरा हे दोन वेगळे रंग आहेत. कागद उबदार असतो आणि त्यातून उजेड आल्यासारखा वाटतो, चायनीज व्हाइट थंड आणि थोडा खडूसारखा, तो वर बसतो. सार्जंट उन्हाच्या पसरट जागांना कागद वापरतो आणि जिथे काहीतरी पुढे यायला पाहिजे, पाण्यावरची चमक, पानाची कड, कापडाची घडी, तिथे दाट पांढरा. थोडा पिवळा घातलेला. म्हणजे पांढऱ्याची पण त्याच्याकडे खोली आहे, मागचा पांढरा आणि पुढचा पांढरा.

आपल्याकडे जलरंग म्हटलं की सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ निघतंच, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधली ती दिवा धरलेली बाई, आणि निघालंच पाहिजे, पण ते अगदी दुसऱ्या टोकाचं काम आहे, तिथे सगळी करामत संयमाची आहे, रंगाची फट कुठेच सापडत नाही. सार्जंटच्या चित्रात फटीच फटी. दोन्ही एकाच माध्यमात होतं हे मला अजूनही खरं वाटत नाही.

‘ला बियांकेरिया’ १९१० चं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, बस. इटलीतल्या कारारा गावच्या संगमरवराच्या खाणींत १९११ मध्ये काही आठवडे जाऊन राहिला, तिथली चित्रं बघा, पांढरे ढिगारे, त्यात दोरखंड लावून ठोकळे खाली उतरवणारे मजूर, हे लिझातोरी. ती बऱ्यापैकी कोरडी, करडी चित्रं आहेत आणि पोर्ट्रेटवाल्या सार्जंटची गुळगुळीत ऐट त्यात औषधालाही नाही. त्याला ‘श्रीमंतांचा चित्रकार’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ही बघितलेली नसतात.

आल्प्समधली चित्रं मात्र लाडाची आहेत. सिंप्लॉन पास, १९०९ ते ११, गवतात पसरलेल्या भाच्या, पांढरे घोळदार स्कर्ट, हिरव्या छत्र्या, कुणी वाचतंय, कुणी पेंगतंय. स्कर्टवर छत्रीचा हिरवा उतरलाय, गवताचा उतरलाय, आकाशाचा निळा उतरलाय. भाच्यांना तो हवं ते नेसवायचा, त्याच्याकडे एक कश्मिरी शाल होती ती प्रवासात बरोबर असायची आणि पोरींना गुंडाळून बसवलं जायचं. ‘कॅश्मीर’ नावाच्या ऑइलमध्ये तर शाल ओढून चाललेल्या सात मुली आहेत आणि सातही म्हणजे एकच भाची, रेन. आपल्या देशातून गेलेली ती शाल इतक्या चित्रांत दिसते की तिच्यावर वेगळं लिहिता येईल, पण आज नको.

रेनची मोठी बहीण रोज-मारी त्याची विशेष लाडकी. तिचा नवरा १९१४ मध्ये लढाईत गेला. २९ मार्च १९१८, गुड फ्रायडे, ती पॅरिसच्या सेंट जर्व्हे चर्चमध्ये प्रार्थनेला बसली होती, जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा पडला, छप्पर कोसळलं, त्यात ती गेली. त्याच वर्षी जुलैत बासष्ट वर्षांचा सार्जंट ब्रिटिश सरकारनं नेमलेला युद्ध-चित्रकार म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेला. तिथून ‘गॅस्ड’ हे प्रचंड ऑइल निघालं, डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या सैनिकांची रांग. पण आघाडीवर तो जलरंगही करत होता. फ्लूनं आजारी पडून लष्करी दवाखान्याच्या तंबूत भरती झाला तर त्या तंबूचं आतून चित्र केलं. खाटा, पांघरुणं, आणि कापडातून गाळून आलेला उजेड. दोन वर्षांपूर्वी कॅनडाच्या डोंगरात सहलीला गेला होता तेव्हाही त्यानं तंबूच रंगवला होता, तोच पांढऱ्या कापडावरचा खेळ. हातानं तेच केलं. त्याच्या मनात काय होतं याबद्दल त्याची चित्रं कधीच काही सांगत नाहीत, आणि काही लोकांना हा त्याचा दोष वाटतो. मला वाटत नाही.

विक्रीचा किस्सा राहिलाच. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या नोडलर गॅलरीत त्याच्या जलरंगांचं प्रदर्शन लागलं. यानं आधीच सांगितलेलं, विकायचं नाहीये, विकायचंच झालं तर सगळी एकगठ्ठा आणि एखाद्या म्युझियमला. ब्रुकलिननं चपळाई केली आणि ८३ चित्रं २०,००० डॉलरला उचलली. बॉस्टन, जे खरं तर त्याचं अमेरिकेतलं घरचं गाव, ते हात चोळत बसलं. मग १९१२ च्या वेळी त्यांनी झोप लागू दिली नाही, ४५ चित्रं घेतली. आज हे दोन्ही गठ्ठे असल्यामुळेच आपल्याला सार्जंटचा जलरंग एकत्र कळतो, नाहीतर ती डचेसांच्या न्हाणीघराबाहेरच्या पॅसेजमध्ये विखुरली असती. प्रत्यक्ष बघायला जायचं असेल तर मात्र आधी चौकशी करा, कारण जलरंग उजेडानं उडतात म्हणून ती बहुतेक काळ अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये असतात, थोडे महिने बाहेर आणि पुन्हा आत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वेबसाइटवर त्यांच्याकडची मोठ्या साइजमध्ये फुकट आहेत, तिथून सुरू करा.

एप्रिल १९२५ मध्ये, बॉस्टनला जहाजानं निघायच्या तयारीत असताना, लंडनमध्ये रात्री झोपेतच गेला, उशाशी व्हॉल्तेअरचं पुस्तक उघडं होतं. लगेच पुढच्या वर्षी रॉजर फ्रायसारख्या समीक्षकानं त्याला पार झोडपला, हा कलावंतच नव्हे, नुसता हात चांगला. तेव्हा पिकासो-मातिसचे दिवस, ‘हात चांगला’ ही शिवी होती. ती शिवी पन्नासेक वर्षं टिकली. फ्रायचं म्हणणं मी समजू शकते, पोर्ट्रेटांपैकी बरीच मलाही साटिनच्या दुकानासारखी वाटतात. पण कॉर्फूची भिंत नुसत्या हातानं होत नाही. त्यासाठी आधी सावलीकडे नीट बघावं लागतं, हात नंतर येतो.

आणि कुणाला पांढऱ्या भिंतींचा कंटाळा आला असेल तर १९१७ चं ‘मडी अ‍ॅलिगेटर्स’ बघा, वूस्टर आर्ट म्युझियममध्ये आहे. फ्लोरिडाला गेला होता तेलवाल्या धनाढ्य रॉकफेलरचं पोर्ट्रेट करायला, म्हणजे बंद दुकान थोडं उघडलं होतं, आणि तिथून मायामीकडे जाऊन चिखलात पसरलेल्या मगरी रंगवत बसला. चिखल तपकिरी, मगरी तपकिरी, पाणी तपकिरी, आणि पाठीवरच्या खवल्यांवर, पोटाखाली, दातांवर उन्हाचे पांढरे. त्यातले कागदाचे किती, खरवडलेले किती आणि ट्यूबचे किती ते ज्याचं त्यानं शोधा, ट्रान्स्परंटवाल्यांनी तर जरूर शोधा. मला रॉकफेलरपेक्षा मगरीच जास्त माणसासारख्या वाटल्या.